रजियाआपांचं वरचं दुकान

मागच्या महिन्यात भर दुपारी फोन वाजला. डुलकी मोडली म्हणून मी जरा तिरसटच आवाजात "कोण?" म्हटलं. पलीकडे पुण्याची कुणी मुलगी होती. "गादीवाल्या आपा आहेत का? माझ्या मोठीच्या वेळी त्यांच्याकडून छोटी गादी मागवली होती. पाच वर्षं झाली, अजून दाबली की वर येते. आता दुसरं येतंय घरात, म्हणून..." आपांनी आपल्या दुकानावर दोन नंबर दिले होते. एक त्यांचा आणि एक माझा. कारण त्यांचा फोन बहुतेक वेळा कापसाच्या ढिगात हरवलेला असे.

मी म्हटलं, "आपा वारल्या गं बाई."

ती हळूच म्हणाली, "तसं दुसरं कुणी करतं का हो?" मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग मला असा काही राग आला म्हणता, की हातातला तांब्याच आपटला. राग कुणाचा ते कळेना. नंतर पदर तोंडात धरून रडले.

रजियाआपा म्हणजे जळगाव जामोदला आमची भिंतीला भिंत. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायची. त्या पिंजाऱ्याच्या घरच्या. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की माझ्या फडताळातल्या वाट्या आपोआप वाजायच्या. आमची ओळखही भांडणातूनच झाली. चैत्रात मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, आणि शेजारून उडालेला कापूस अलगद येऊन त्यांच्यावर बसला. मी तोंडाची फटकळ. भिंतीवरून वाकून दिसेल ते बोलले. आपा वाटीत पाणी घेऊन वर आल्या, टळटळीत उन्हात फतकल मारून बसल्या आणि ओल्या बोटाने एकेक कुरडईवरचा तंतू टिपायला लागल्या. सगळ्या झाल्यावर उठता उठता म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू, पण चीक कच्चा राह्यला तुमचा. तळल्यावर फुलाची नाही हे."

नाहीच फुलली मेली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

दिसायला उंच, काटकुळ्या. भुवयांत कायम कापूस, त्यामुळे चाळिशीतच म्हाताऱ्या दिसत. मशीनमुळे मोठ्याने बोलायची सवय. कानात सांगायची गोष्टही चावडीवर सांगितल्यासारखी सांगत. कापूस पारखायचा तर हातात धरून नाही, ओठांना लावून. आणि खोकला. तो त्यांच्या बोलण्याचाच भाग होता, आपण मध्ये स्वल्पविराम देतो तसा. नवरा त्याच खोकल्याने गेलेला. एकुलता एक मुलगा आरिफ सुरतला फोमच्या गाद्यांच्या कारखान्यात. पिंजाऱ्याचं पोरगं फोम कापायला गेलं, याचं दुःख आपांना नवरा गेल्याइतकंच होतं. कुठलाही विषय काढा, आपांची गाडी शेवटी तिथंच यायची. "त्याले घरी आणाचं हाये मले. बस. बाकी अल्लाले काही मांगत नाही मी."

पण आणणार कशाच्या जोरावर? गावात गाद्या भरून घेणारे लोक संपले होते. ज्याच्या त्याच्या घरी फोम. पूर्वीची रीत आपा सांगत. त्यांचे सासरे खांद्यावर पिंजण टाकून संग्रामपूरपर्यंतची गावं फिरायचे. ज्याच्या घरची गादी त्याच्याच अंगणात भरायची. घरच्या बाईने समोर बसायचं. आणि गादी भरून, टाचून झाली की एक कोपरा उघडा ठेवायचा. त्या कोपऱ्यातून घरच्या बाईने कोपरापर्यंत हात घालून आत काय भरलंय ते चाचपायचं. जुना कापूस घातला का, चिंध्या कोंबल्या का, सगळं हाताला कळतं. तिचं समाधान झालं की शेवटचे टाके तिनेच घालायचे. तोवर पिंजाऱ्याने अंगणातून उठायचं नाही. "कापूस झूट बोलत नाही, मॅडम. झूट बोलते ते खोळ," असं आपा म्हणत. वरून फुलाफुलांची खोळ शिवली की आतला कचरा कुणाला दिसतो!

तेव्हा आमच्याकडे कापसाचं बीटी बियाणं येऊन बरीच वर्षं झाली होती. नजर जाईल तिथवर बीटीच. आपांना तो कापूस गादीसाठी चालत नसे. त्याचा धागा लांब आणि मऊ. सूत कातायला चांगला, पण गादीत बसला की बसला. गादीला लागतो देशी. आखूड, जरा खरबरीत. दाबला की उसळी घेतो. तो सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस लावायचा. सातपुड्याच्या पायथ्याचा गुमानदादा. दरवर्षी बैलगाडीतून त्याचा कापूस आपांच्या दारी येई. गल्लीतले लोक हसत, "आपा, आता हा कोणाच्या गाद्यात भरता? तुमच्या कोंबड्यायच्या?"

असंच एकदा आरिफने सुरतहून आपला जुना फोन पाठवला. आपा दोन दिवस त्यात डोकं घालून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येऊन चप्पल काढते न काढते तोच समोर हजर. "मॅडम, हे पाहा. लोक फोनमंदी बसून लेकरायच्या गाद्या इकून राह्यले. कोपरा दाबून दाखवते का? नाही. आत काय हाये सांगते का? नाही. अन् लोक घेऊन राह्यले! मंग आपुन काऊन नाही?"

मी म्हटलं, "आपा, तुम्हाला धड फोन लावता येत नाही."

"तुमाले येते ना!" असं म्हणून त्या मोकळ्या. त्या दिवसापासून घरातलं मशीन म्हणजे खालचं दुकान आणि फोनमधलं ते वरचं दुकान.

सुरुवातीला एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन बाजारात नाव घातलं. आरिफ रात्रपाळीहून आला की सकाळी फोनवर सांगायचा आणि मी बोटाने टिपत जायची. बाळांच्या गाद्या, पातळ रजया. हळूहळू मागणी यायला लागली. आपा "ऑर्डर" म्हणत नसत. "पाव्हणी आली," म्हणत. "मॅडम, आज ठाण्याची पाव्हणी आली!" पहिल्या खेपेला त्यांनी चारपाच गाद्या जीव ओतून केल्या, कागदात गुंडाळून रवाना केल्या आणि आठवड्याभरात एकेक परत यायला लागल्या. खाली शेरा, "उसवलेला माल."

आपा परत आलेलं पार्सल मांडीवर घेऊन बसल्या. "उसवली? अवो, मी ठेवली ना उघडी! संगं सुई-दोरा टोचून देल्ला व्हता. यांनी हात नाही घातला?"

मला हसू पण येत होतं आणि वाईट पण वाटत होतं. पुण्यामुंबईच्या त्या बायांना कोण सांगणार, की कोपरा मुद्दाम उघडा आहे म्हणून! कंपनीचा निरोप आला, चारी बाजू बंद करून पाठवा, नाहीतर माल घेणार नाही. मी म्हटलं, "अहो, शिवून टाका ना एक कोपरा! कशाला डोक्याला ताप?"

"न पाहता घेतली तं ते गादी नाही मॅडम, गठुडं झालं."

ठाण्याच्या बाईची गादी तेवढी अजून परत यायची होती. पार्सलच्या आमच्याकडे राहिलेल्या चिठ्ठीवर तिचा नंबर होता. आपांनी हात धुतले (फोन घ्यायच्या आधी त्या हात धुवायच्या, कापूस चिकटतो म्हणून) आणि नंबर लावला. मी शेजारी उभी. "बाई, गादी जवळच हाये का तुह्या? हाये ना? मंग त्या उघड्या कोपऱ्यातून हात घाल. घाल, भेऊ नको. आणखी आत. कोपरापर्यंत." आणि पलीकडून एकदम लहान मुलीसारखा आवाज आला, "अगं बाई, किती ऊब आहे आत!"

त्या बाईने गादी ठेवून घेतली. शेवटचे टाके स्वतः घातले आणि त्याचा फोटो पाठवला. आपा फोटो बघून पोट धरून हसल्या. "टाके पाहा! कोंबडीनं पाय उमटवल्यावानी." पण तो फोटो त्या गल्लीत प्रत्येकाला दाखवून आल्या.

गिऱ्हाइकाला थेट फोन केला म्हणून कंपनीने आपांचं दुकान बंद केलं. तसा नियम आहे म्हणे. मला वाटलं, संपलं. पण आपा म्हणाल्या, "मंग आपलंच टाकू. दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं की तो म्हणन तसं बसा लागते." आरिफच्या कारखान्यात एक पोरगा होता, त्याला हे काम येत होतं. त्याने रविवारी बसून आपांचं स्वतंत्र दुकान उभं करून दिलं. आपांच्याच नावाचं. मजकूर लिहायचं काम अर्थात माझं.

आता मी मराठीची बाई. मी झोकात लिहिलं, "सातपुड्याच्या कुशीत पिकलेल्या सेंद्रिय देशी कापसाची, पारंपरिक पद्धतीने हाताने पिंजलेली गादी." वाचून दाखवलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "लय गोड लिव्हलं. पण हातानं कुठी पिंजतो आपुन? मशीन हाये ना."

मी "हाताने" खोडलं.

"अन् सेंद्रिय म्हंजे फवारा नाही, असंच ना? गुमानदादानं औंदा एक डाव मारला व्हता मावा आला तवा. ते बी काढा."

तेही खोडलं.

"अन् कुशीत काय? त्याचं वावर पायथ्याले हाये."

"आपा, ते साहित्य आहे!" मी ओरडले.

"असू द्या ना साहित्य. पर गिऱ्हाईक त्याच्यावर झोपत नाही."

शेवटी जे राहिलं ते असं: "देशी कापूस. मशीनवर पिंजलेला. एक कोपरा उघडा येईल. हात घालून पाहा. पटलं तर शिवा, नाही पटलं तर परत पाठवा." मला वाटलं, याला कोण कुत्रं विचारणार आहे! पण लोक यायला लागले. ठाणेवालीने तिच्या बहिणीला सांगितलं, बहिणीने ऑफिसात. बाया कोपऱ्यात हात घातल्याचे फोटो पाठवायच्या, वाकडेतिकडे टाके दाखवायच्या. आपांचा आवाज ऐकायलाच काही जणी फोन करत. त्या तिकडून खडसावत, "पाळण्यातल्या लेकराले एवढी जाड गादी कायले पाह्यजे? पातळ घे. नाही, नाही देत मी. पातळच घे." असं दुकान मी जन्मात बघितलं नव्हतं. शेजारच्या दोन बाया टाके घालायला यायला लागल्या. मशीन दिवसभर चालायचं, माझ्या वाट्या दिवसभर वाजायच्या. मी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

आणि ईदला आरिफ आला तो परत गेलाच नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तो मशीनवर बसला होता, नाकाला रुमाल बांधून. आपा उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मी वाटीभर शिरखुर्मा घ्यायला गेले होते, तर मला म्हणाल्या, "मॅडम, त्याच्या भिवयात कापूस बसला पाहा." आणि ओढणीने डोळे पुसले. इतकं सुख मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. फोमचा कामगार पुन्हा पिंजारी झाला होता, आणि तोही खोटं न बोलता, कुणाच्या ओट्यावर न बसता. असं दोन वर्षं चाललं. दोनच.

त्या साली बोंडअळी आली. गुलाबी अळी. बोंड वरून छान, फोडलं की आत किडकं. सगळ्यांचा बीटी गेला. लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. गावातून टेम्पो भरभरून माणसं कामाला बाहेर गेली, आणि वेचणाऱ्या बायाही गेल्या. गुमानदादाच्या देशीला अळीने फार काही केलं नाही. पण देशीचं बोंड असतं बोराएवढं. वेचता वेचता बोटं सोलतात आणि ओटी भरत नाही. ज्या थोड्या बाया गावात उरल्या त्या म्हणाल्या, आम्ही नाही येत तुझ्या वावरात. गुमानदादाचा कापूस झाडावरच फुटला आणि वाऱ्याने मातीत गळला. पुढच्या हंगामात त्याच्या मुलांनी वावर आपल्या हातात घेतलं आणि पुन्हा बीटीच लावलं. "या बारीचं बियाणं नवं हाये म्हणते," एवढंच त्यांचं म्हणणं.

गुमानदादा स्वतः सांगायला आला. उंबऱ्यावर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आपा, माह्याच्यानं नाही झालं वं." आपा म्हणाल्या, "तू काय करशील दादा. चा तं घे." तो चहा न घेताच गेला.

घरात डझनभर पाव्हण्यांच्या गाद्यांचं काम पडलं होतं. देशी कापूस संपलेला. आरिफ म्हणाला, "अम्मी, बाजारची रुई घेऊ. पांढरं ते सगळं पांढरंच. पुण्याची बाई हात घालून ओळखणार आहे का देशी का बीटी? कौन देखता है?" आणि मीही त्याचीच री ओढली. का नाही ओढणार? पोरगा दोन वर्षांत माणसात आला होता. मी म्हटलं, "आपा, एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या साली कुठून तरी देशी मिळेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

आपा मला म्हणाल्या, "तुमाले कळलं ना, मॅडम? आरिफले कळलं. मले कळलं. मंग कोणाले कळाचं राह्यलं?"

त्यांनी बसून एकेका पाहुणीला फोन लावला. "देशी सरला. बीटीचा भरून देऊ का? दोन वर्षात बसन बरं, मंग पिंजून घ्या लागन." दुकानावरही तसंच लिहायला लावलं मला. मी कितीदा म्हटलं, निदान "कापूस" एवढंच लिहू, ते काही खोटं नाही. आपा म्हणाल्या, "इतके दिवस देशी लिव्हलं. आता नुसता कापूस लिव्हला तं लोक देशीच समजतीन. समजू देणं बी झूटच हाये." आरिफ त्या दिवशी जेवला नाही. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "अम्मी, तुला मी पाहिजे का तुझा कापूस पाहिजे?" आणि त्यावर आपांचा फक्त खोकला.

दोन वर्षांत बसणारी गादी कोण घेणार? फोन कमी झाले, मग थांबले. देशीसाठी आपा ओळखीपाळखीने पार दुसरबीडपर्यंत चौकशा करून आल्या. कुठेही बोंड सापडलं नाही. तशात एकदा ठाणेवालीचा फोन आला, की दुसऱ्या एका शहरातलं दुकान "गावरान देशी कापूस, आपांच्या हातची गादी" म्हणून विकतंय आणि धडाक्यात खपतंय. मी उघडून बघितलं. फोटो आमचेच, मीच काढलेले. त्यात कापूस उकलणारे हात आपांचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं तक्रार करू, पोलिसात जाऊ, त्याचं दुकान उठवू. आपांनी फोन डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं. "माहेच हात हायेत," म्हणाल्या. "बरे दिसून राह्यले." बस, एवढंच. मला वाटलं, या बाईचं काळीज काढून कुणी बाजारात मांडलं असतं तरी ती आधी कापूस खरा आहे का तेच बघेल.

आरिफला सुरतहून जुन्या मुकादमाचा निरोप आला होता. तो महिनाभर घुटमळला. शेवटी आपाच म्हणाल्या, "जा. इथं बसून तुहा जीव सडन." ज्याला घरी आणायचं म्हणून त्यांनी एवढा पसारा मांडला, त्याला त्यांनी आपल्या तोंडाने जा म्हटलं.

त्यानंतर आपांनी फार दिवस काढले नाहीत. थंडीत खोकला वाढला. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला होते. आरिफ सुरतहून पोचेपर्यंत मिट्टी, म्हणजे दफन, होऊन गेली होती. मलाही तोंड दिसलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आपा येतात त्या एसटी स्टँडवरच्या. आरिफ निघाला त्या सकाळच्या.

नांदुऱ्याची गाडी लागली होती. तिथून पुढे रेल्वे. आरिफने बॅग वर टाकली आणि पुन्हा खाली उतरला. आईसमोर उभा राहिला. "अम्मी, एक डाव बोल, थांब म्हून. मी राहतो. तू म्हणशील तसं लिहू, तू म्हणशील ते भरू. फक्त बोल."

मी मनात म्हटलं, बोला हो आपा, बोला. एक शब्द तर आहे.

आपांनी त्याची कॉलर सारखी केली. "गाडी सुटून राह्यली. चढ."

तो चढला. गाडी मागे आली, वळली, धूळ उडाली. आपांनी ओढणी तोंडाशी धरली होती, आणि डोळ्यांत इतकं पाणी की समोरचं काही दिसत नसणार. गाडी फाटकाबाहेर गेली तसं माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मॅडम, मले दिसलंच नाही. खिडकीतून हात हालवला ना त्यानं? तुमी पाह्यला?"

मी पाहिलं होतं. खिडकीत आरिफ समोरच्या सीटला कपाळ टेकवून बसला होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"हलवला की," मी म्हटलं. "पार वळेपर्यंत हलवत होता."

आपांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या बाईला ओठांनी कापूस कळायचा, माझं बोलणं कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हाव ना? मंग बरं झालं," आणि माझा हात न सोडता रस्ता ओलांडायला लागल्या.